टिचकी

— नाही, नाही, मॅडम, पिशवीत नका घालू अजून. राहू दे टेबलावर, चालू आहे तो. दिसत नाही म्हणून काय झालं — कान लावा की जरा. अजून जवळ या. ऐकू आलं? डास गुणगुणतो तसं? तेच. तोच पंप. मघाशी पेनाचं टोपण समजून बाजूला सारणार होतात तुम्ही, तोच — नाही हो, रागवत नाही मी, सगळ्यांचं तसंच होतं. पंप म्हटलं की लोकांना विहिरीवरची मोटर आठवते, दोघांनी उचलायची. परवा एक गृहस्थ दारात उभे राहून विचारतायत, बाई, बोअरवर चालंल का. म्हटलं, चालंल की, मुंग्यांच्या बोअरवर. गेले फणफणत. जाऊ दे. तर हे बघा, ह्या वाटीत दूध. हितनं ही बारीक नळी पंपात शिरली, तिकडनं बाहेर आली, आणि हिच्या टोकाला — बघत राहा, घाई नका करू — धरला थेंब. धरला, धरला — पडला. काट्यावरच्या वाटीत पडला. सोनाराचा काटा आहे हा, नातलगाच्या दुकानातून मागून आणलाय, एकेक थेंब मोजतो. एवढंच पंपाचं काम. तासाला चमचाभर दूध, पण न थांबता, न उड्या मारता. भरपूर पाणी ढकलायला ताकद लागते, मॅडम, थेंब ढकलायला अक्कल लागते, आणि माझी निम्मी त्यात संपलीय.

आत काय आहे? आत काहीच नाही म्हटलं तरी चालेल. एक पातळ चकती आहे, वीज मिळाली की थरथरते. ती थरथरली की दूध आत ओढलं जातं, बाहेर ढकललं जातं. आणि दोन झडपा. एक येणाऱ्या दुधाची, एक जाणाऱ्या दुधाची, म्हणजे मागं फिरू नये ते. झडप केवढी, तर तिळाएवढी. रबरासारख्या मऊ सिलिकॉनची. ती कापताना श्वास धरावा लागतो, शिंक आली की गेली कुटं ते देवाला माहीत. माझी पहिली झडप अत्तम्माच्या नऊवारीच्या निऱ्यांत सापडली होती — अत्तम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नम्मा, आत चहा टाकतायत त्या. आमच्यात तेलुगूत सासूला अत्तम्मा म्हणतात. त्यांचं तुम्ही मनावर घेऊ नका, दोनदा येऊन तुमच्याकडं बघून गेल्या. डॉक्टर घरी आली म्हणजे कुणीतरी आजारी असणार, असं त्यांना वाटतंय.

बसा ना. खुर्ची पुसलीय मी, पण हितं पुसून उपयोग नाही. ही तूस बघा, टेबलावर आत्ता पुसली होती, परत आली. भिंतीपलीकडं मकदूमभाईंचे माग आहेत, टॉवेलचे, दिवसभर खडखड खडखड, आणि हवेत कापसाची ही तूस. पंपात एक तंतू गेला की झडप मिटत नाही. मी ह्या खोलीला आतनं प्लास्टिक लावलं, दाराला दोन पडदे लावले, तरी येते. पुण्यात म्हणे अशा कामाला काचेच्या खोल्या असतात, आत जाताना टोपी घालायची, पायात पिशव्या घालायच्या. आणि मी सोलापुरात भद्रावती पेठेत बसलेय, जुन्या मागाच्या शेडमध्ये, वर पत्रा. एप्रिलमध्ये पत्रा एवढा तापला की डिंक वितळला आणि पंपाचं झाकण आपोआप उघडलं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते आलं की सगळं टाकून हंडे भरायला पळायचं, मग पंपाची मापं घेणार कोण, माझी आजी? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नाही, तक्रार करत नाही मी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय. — नाही विचारलंत? बरं. मग असंच सांगितलं.

काय? — हां. वीज गेली तर. विचारणार हे माहीत होतं मला, सगळे तेच विचारतात. बॅटरी आहे की त्याला, ही बघा, घड्याळाच्या मोठ्या सेलसारखी. पण बॅटरी बदलताना बंद पडणारच थोडा वेळ, ते मी नाकारत नाही. आणि तुमच्याकडं अक्कलकोटच्या बाजूला वीज कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. बंद पडला तर परत सुरू होतो का — एवढंच ना? होतो. दाखवते. थांबा, हे घ्या, केला बंद. गेला आवाज. आता लगेच चालू केला तर तुम्ही म्हणाल, त्यात काय. जरा वेळ जाऊ द्या, दूध आत थांबू द्या, चहा होऊ द्या. मग चालू करते तुमच्यासमोर. काही लपवाछपवी नाही.

तोवर तुम्ही सांगा, तुमच्या दवाखान्यातली बसव्वा कशी आहे? तुमचा फोन आल्यापासून ती डोक्यातनं जात नाही माझ्या. तुम्हीच सांगितलंत, बाळ तळहाताएवढं, दूध ओढायची ताकद नाही, नाकातनं नळी घातलीय. आणि दूध सोडायचं ते तुमचं यंत्र इस्त्रीएवढं, सलाईनच्या दांड्याला बांधलेलं, म्हणून बाळाला खाटेवर ठेवायचं, आणि बसव्वानं शेजारी स्टुलावर बसून नुसतं बघायचं. खरं म्हणजे त्या बाळाला आईच्या पोटाशी बांधून ठेवायला पाहिजे, अंगाला अंग लावून, तसंच ऊब धरतं ते — हे तुम्ही मला शिकवलंत, मला कुटं माहीत होतं. आणि ती कन्नडशिवाय दुसरं बोलत नाही, सारखं नर्सला म्हणते, कूसु कोडरी, कूसु कोडरी. बाळ द्या म्हणते. तेवढं ऐकलं आणि मी फोन ठेवल्यावर जेवले नाही. अशा आयांसाठीच तर हा एवढा केला. लुगड्याच्या आत बसेल असा. आईच्या छातीवर बाळ, बाळाच्या बाजूला हा पंप, शेजारी दुधाची पिशवी, आणि बसव्वा उठली, बसली, खिडकीशी गेली तरी थेंब चालू. हो की नाही? तुमच्या दवाखान्याच्या कमिटीनं कागदावर सही केली, तुम्ही स्वतः एसटीनं, रिक्षानं एवढ्या लांब आलात, आज न्यायचा म्हणून. मलाही तेच पाहिजे. आज हा ह्या शेडमधनं बाहेर गेलाच पाहिजे.

कारण लोकांना हसायला कारण पाहिजे असतं ना. अख्ख्या गल्लीत मी 'ती टोपणं करणारी'. आमचे माग विकले तेव्हा लोकांना वाटलं, सून इंजिनीअर आहे, हितं मोठी फॅक्टरी टाकंल. आणि सून काय करते, तर वाटीतलं दूध दुसऱ्या वाटीत नेते. माझ्या जावेनं तर तोंडावर विचारलं, हे काम चमच्यानं होत नाही का. काय सांगणार? सांगितलं तरी कळणार नाही. माझे मालक हैदराबादला नोकरीला, ते फोनवर म्हणतात, जमेल गं, जमेल — हे 'जमेल' ऐकलं की माझं टाळकं सटकतं. कसं जमेल? जमवावं लागतं. पहिला पंप केला तो दूध मागं ओढायचा. दुसरा पुढं ढकलायचा, पण तापायचा, दूध फाटायचं. तिसरा चांगला चालला, आणि अत्तम्मानं तो कानातलं यंत्र समजून मकदूमभाईंच्या आजीला दाखवायला नेला. हसू नका. — हसा, हसा. मीही हसते आता. तेव्हा रडले होते.

आणि दूध, दुधाचा तर वेगळाच तमाशा. पाण्यावर पंप चालला म्हणून दुधावर चालेलच असं नाही. गाईचं दूध वेगळं, आईचं वेगळं. आईचं दूध आणणार कुटनं? मग मकदूमभाईंची सून, रुक्साना, तिचं मूल तेव्हा लहान होतं. लाजत लाजत विचारलं. ती म्हणाली, भाभी, दुसऱ्याच्या बाळासाठी हाय ना, मग न्या की. रोज वाटीभर द्यायची, झाकून, पदराखालनं. आता पंपातनं गेलेलं दूध मी मोरीत ओतायला निघाले, तर अत्तम्मानं हात धरला. आईचं दूध मोरीत ओतायचं नसतं म्हणे, पायदळी येतं. वाटी घेऊन गेल्या आणि मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी घातलं. तेव्हापासून रोज. माझी मापं घेऊन झाली की वाटी त्यांच्या हातात. तो शेवगा बघा जाताना, शेंगांनी वाकलाय. मी काही म्हणत नाही. तेवढंच त्यांचं मन रमतं ते बरं.

नाही तर त्यांचं काय आहे, मॅडम, की त्यांना माग पाहिजे. चाळीस वर्षं ह्याच शेडमध्ये काढली त्यांनी. हितं जिथं तुमची खुर्ची आहे ना, तितं त्यांचा माग होता. विकले तेव्हा टेंपोत चढवताना त्या बाहेर आल्याच नाहीत. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, पण राग पण येतो, कारण आता त्यांना माझा हा पंप म्हणजेच माग वाटतो. येता-जाता त्याच्याशी बोलतात. दमलास का, म्हणतात. आणि दसऱ्याला तर त्यांनी मला मारायचंच बाकी ठेवलं. माझी चाचणी चालू, पंप बॅटरीऐवजी इन्व्हर्टरवर रात्रंदिवस पळतोय, महिनाभर एक क्षण थांबवायचा नाही असं ठरलेलं, नवरात्र सुरू झालं तेव्हा शेवटाला आलेलं — आणि खंडेनवमीच्या सकाळी मी देवळात जाऊन येते तोवर बाईंनी केला की बंद. बंद केला, ओल्या फडक्यानं पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं डोक्यावर, त्या फुलाखाली पंप दिसंना सुद्धा. मी किंचाळले. म्हणतात, वर्षभर राबलं की ते, आज एक दिवस झोपू दे त्याला. खंडेनवमीला अवजाराला हात लावायचा नसतो. मी म्हटलं, अहो, ते बाळाचं यंत्र आहे, बाळाला काय सांगणार, आज नवमी, आज उपास? तर टेबलाशी खुर्ची ओढून राखण करत बसल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली आणि मग —

काय? — नाही. म्हणजे, फोनवर मी म्हटलं होतं एक क्षण बंद पडला नाही, ते बरोबरच आहे. बंद पडला नाही. बंद केला. दोन्हीत फरक आहे की. — हो, तसं बघितलं तर एक दिवस थांबला. एक दिवस आणि थोडं वर. आता त्यासाठी परत पहिल्यापासून महिनाभर पळवत बसू? तितं बसव्वा स्टुलावर बसलीय, आणि मी हितं अत्तम्माच्या झेंडूपायी दिवस मोजत बसू? म्हणून नाही बोलले. आणि मी सांगू, एका परीनं बरंच झालं ते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळालं. एवढा दिवसभर बंद होता, आत दूध तसंच, आणि दसऱ्याला अत्तम्मानी स्वतः बटण दाबलं, आणि लगेच सुरू. एका झटक्यात. मी तितंच उभी होते, दात खात. बरोबर माप, बरोबर थेंब. आता सांगा, एक दिवस झोपून उठला तरी चालू होतो, ते चांगलंच ना?

बघायचंय? बघाच. झाला असेल बराच वेळ. हे बघा, बटण — हिरवा दिवा लागला — आवाज आला — आणि थेंब बघा. धरला. पडला. झालं समाधान? मी म्हटलं नव्हतं? चहा घ्या आता, अत्तम्मा आणतीलच, आणि ही डबी, हे बॅटरीचे दोन जोड, ठेवा आधी पिशवीत, वापरायचं कसं ते नर्सला —

कशी टिचकी?

कुणी मारली? मी? कधी? — बटण दाबल्यावर? छे हो. नखानं? तुमचं काहीतरी. — अशी? हां, अशी असंल. अशी टक करून. लक्षात पण नाही आलं माझ्या. ती सवय आहे हो. ती पंपासाठी नाही, ती हाताची सवय आहे. माग चालू करताना धोट्याच्या पेटीवर थाप मारतात ना, आडवा धागा नेणारा धोटा नीट बसला का म्हणून, हितं सगळेच मारतात. मकदूमभाई मारतात, अत्तम्मा मारायच्या, आमचे सासरे तर माग बंद असला तरी जाता जाता थाप मारून जायचे. लहान मूल रांगायला लागलं की मागावर थाप मारायला शिकतं ह्या पेठेत. फॅन चालू करताना, मिक्सर चालू करताना, सगळ्यालाच एक थाप. गाडीला सुद्धा. तुम्ही रिक्षातनं उतरताना बघितलं असेल, हितला माणूस मीटरला टिचकी मारल्याशिवाय रिक्षा काढत नाही. त्यात काय एवढं.

नाही, गरज नाही त्याची. मी सांगते ना, गरज नाही. बरं, तुम्ही करा. तुमच्या हातानं करा म्हणजे तुमची शंका फिटंल. बंद करते. जरा थांबू. — काय बघताय माझ्याकडं? शंका घेणं तुमचं कामच आहे, मला राग नाही. मला राग येतो तो नुसतं बघून हसणाऱ्यांचा. तुम्ही बघून विचारता तरी. — मकदूमभाईंच्या मागाचा आवाज जरा कमी झाला वाटतं, जेवायची सुट्टी झाली असणार. — झालं असेल आता. दाबा. दाबा बिनधास्त. हां. दिवा लागला. आवाज आला बघा, ऐकू येतोय ना? चालू झालाच. टिचकीबिचकी काही नाही. आता थेंब.

येईल. पहिला थेंब वेळ घेतो.

येईल हो. नळीत थोडी हवा असंल, बुडबुडा. तुम्ही बघत राहा नळीकडं, पुढं सरकतोय का — नाही सरकत? ह्या उजेडात दिसत नाही नीट. थांबा, दिवा लावते. — नाही सरकत. मग ती तूस गेली असणार. म्हटलं नव्हतं तुम्हाला, ह्या शेडमध्ये तूस एवढी — किंवा दूध. आजचं दूध जरा घट्ट आहे, रुक्सानाचं बाळ आता मोठं झालंय, आजचं डेअरीचं घेतलंय मी. डेअरीचं दूध म्हणजे त्यात काय काय असतं कुणास ठाऊक. नाचता येईना अंगण वाकडं असं नका म्हणू मला. खरंच दुधाचं असंल. आवाज तर येतोय. चकती थरथरतेय. मग दूध का नाही —

थांबा. एक टिचकी मारून बघते. नुसतं बघायला.

आला. बघा, आला थेंब.

परत करा. नाही, तुम्ही करा, माझा हात मी मागं बांधून बसते. बंद. थांबू. — किती वेळ झाला? राहू द्या, अजून थोडा वेळ. — हां, दाबा आता. दिवा. आवाज. — थेंब? — नाही.

नाही.

अत्तम्मा, चहा आत ठेवा. थोडं थांबा म्हटलं ना.

साय धरते हो, मॅडम. एवढंच आहे. एवढं सोपं. दूध हलत राहिलं की साय धरत नाही, थांबलं की धरते, हे कुठल्याही बाईला माहीत आहे, मला पण माहीत आहे, रोज गॅससमोर उभी असते मी. दूध आत थांबलं, तिळाएवढी ती झडप बुडाशी चिकटली. चकती वर थरथरतेय आपली, खाली झडप बंद. टिचकी मारली की सुटते. आणि आम्ही प्रत्येक वेळी टिचकी मारली. प्रत्येक वेळी. मी मारली. तौहीदनं, माझ्या त्या सर्किटवाल्यानं, मारली असंल, तो पण ह्याच पेठेतला, त्याचे वडील मागावरच होते. दसऱ्याच्या दिवशी अत्तम्मानी मारली. बटण दाबलं आणि दोन बोटांनी टक टक — मी समोर उभी होते, मी बघितलं. बघितलं आणि मला ते दिसलं नाही, कारण ते दिसायला तुम्ही यावं लागलं, अक्कलकोटहून. एवढे दिवस चाचणी केली मी. कशाची केली? आमच्या बोटांची केली. ह्या खोलीत ह्याला एकदासुद्धा कुणी नुसतं बटण दाबून सोडलं नाही. आणि मी अत्तम्मावर ओरडले, चाचणी मोडली म्हणून. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. चाचणी तर नव्हतीच तशी.

आणि दिवा हिरवा. तेच तर. पंप बंद पडला असता तर चाललं असतं, आवाज गेला असता, कुणी बघितलं असतं. हा बंद पडत नाही, मॅडम. हा गुणगुणत राहतो. हिरवा दिवा, कानाला आवाज, सगळं छान, आणि बाळाच्या पोटात काही नाही. किती वेळ चालतं तेवढ्या बाळाला दुधाशिवाय? — नका सांगू. तुमच्या तोंडावरून कळलं.

— काय म्हणालात?

बसव्वाला शिकवू? टिचकी मारायला? हो, शिकंल की. एका दिवसात शिकंल, बोटं सगळ्यांनाच असतात. नर्सला सांगाल, भिंतीवर कन्नडमध्ये लिहून लावाल, बटण दाबलं की टिचकी मारा. मला कळतंय तुम्ही का म्हणताय ते. तुम्हाला पण मोकळ्या हातानं परत जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं नाही. मला पण नाही. मघापासून माझ्या मनात दुसरं काही नाही, मी स्वतःलाच तेच सांगतेय, एक टिचकी तर आहे, त्यात काय. — पण ती झोपंल की हो. बाळ पोटाशी आलं, अंगाला अंग लागलं, इतक्या दिवसांनी तिला पहिल्यांदा नीट झोप लागंल. बॅटरी संपंल, नर्स अंधारात दुसरी घालंल, बटण दाबून निघून जाईल, दिवा लागंल, हा गुणगुणंल. ती आवाज ऐकंल आणि कूस न बदलता झोपंल, बाळ हलू नये म्हणून. मीच तिला सांगितलेलं असंल ना, आवाज आहे तोवर काळजी करू नको.

द्या तो इकडं. पिशवीतनं काढा ती डबी पण. बॅटऱ्या पण. — नाही, एक सुद्धा नाही नेऊ देणार मी. असेच आणखी दोन करून ठेवलेत, ते पण तसेच असणार, सगळ्यांना झडपा ह्याच आहेत. — मला किती दिवस लागतील ते विचारू नका. माहीत नाही. झडप बदलावी लागंल, नाही तर चकती, नाही तर सगळाच. बसव्वाचं बाळ तोवर मोठं होऊ दे, ह्या पंपाची गरजच पडू नये त्याला. तिला सांगा, सोलापूरची बाई खोटं बोलली. नाही, तसं नका सांगू, ती घाबरंल. सांगा, अजून तयार नाही. आणि दूध सोडून झालं की मधल्या वेळात तरी बाळ द्या तिच्याजवळ, तेवढं तुमच्या हातात आहे.

चहा राहू द्या आता, तुम्हाला उशीर होईल. रिक्षा थांबवून ठेवलीय ना तुम्ही? तो सात रस्ता चौकापर्यंत सोडंल, तितनं एसटी मिळंल. — नाही, रडत नाही मी. तूस गेलीय डोळ्यात. जावा तुम्ही.

— अत्तम्मा. ट्रे ठेवा हो खाली. — हो, चालूच आहे तो, दिवा दिसतोय मला. — नाही, दमला नाही तो. — अत्तम्मा, नको. हात नका लावू त्याला. बोट मागं घ्या. आजपासून त्याला कुणी हात लावायचा नाही, मी पण नाही. बसा हितं माझ्याजवळ. नुसतं बघू, आपला आपण सुटतो का.

मॅडम, जाताना दार ओढून घ्या. तूस येते आत.